एका नदीची तीन दालने

अलास्काच्या आग्नेय पट्ट्यात, लिन कॅनॉल नावाच्या लांबट, खोल खाडीच्या माथ्याशी हेन्स हे गाव वसले आहे. २०२०च्या जनगणनेत संपूर्ण हेन्स बरोची लोकसंख्या २,०८० भरली. एवढ्या लहान वस्तीत स्थानिक इतिहासाचे शेल्डन संग्रहालय आहे, गरुडांना वाहिलेले एक निसर्गसंग्रहालय आहे आणि २००२ पासून केवळ हातोड्यांचे असे एक संग्रहालयही आहे. तेथून सुमारे पस्तीस किलोमीटरवर, चिल्कॅट नदीच्या काठी, क्लक्वान हे त्लिंगिट लोकांचे पुरातन गाव आहे. त्याची वस्ती शंभराहूनही कमी. पण तेथेही २०१६ मध्ये ‘जिल्काट क्वान’ या नावाचे वारसाकेंद्र उभे राहिले. उन्हाळ्यात बोटीने येणारा प्रवासी या साऱ्यांची यादी हाती घेऊन उतरतो. सकाळी इतिहास, दुपारी निसर्ग, आणि परतीच्या बोटीला अवकाश असेल तर मूलनिवासींची संस्कृती, अशी त्याच्या दिवसाची विभागणी होते. संध्याकाळी तो तृप्त मनाने परततो. एका खोऱ्याविषयी जाणण्याजोगे सारे आपण जाणले, अशी त्याची समजूत झालेली असते.

या समजुतीलाच हरकत घेतली पाहिजे. इतिहास, संस्कृती आणि निसर्ग ही त्रिविध वाटणी वरवर सोयीची आणि निरुपद्रवी वाटते. पुस्तकांच्या कपाटात विषयवार कप्पे असावेत, तशीच ही दालने असावीत असे कोणालाही वाटेल. परंतु ग्रंथालयातील कप्पे पुस्तकांची व्यवस्था लावतात. संग्रहालयातील कप्पे माणसांची लावतात. ज्यांना इतिहासाचे दालन मिळते, त्यांना नाव, सन, कर्तृत्व आणि वंशावळ मिळते. ज्यांना संस्कृतीचे दालन मिळते, त्यांना मुखवटे, टोपल्या, नृत्य आणि काळाबाहेरचे एक निश्चल अस्तित्व मिळते. निसर्गाच्या दालनात तर माणूसच नसतो. तेथील भूमी कोणाचीच नसते आणि म्हणून जो येईल त्याची ठरू शकते. भूमी रिकामी, तिच्यावर वावरणारे मूलनिवासी कालातीत, आणि घडामोडी मात्र बाहेरून आलेल्यांच्या, हे त्रैराशिक कोणत्याही फलकावर लिहिलेले नसते. प्रवासी ते एका दालनातून दुसऱ्या दालनात जाताना आपोआप शिकतो.

भाषेच्या अभ्यासकाला हा व्यवहार क्रियापदांत सहज पकडता येतो. वसाहतकाराविषयीचे वाक्य भूतकाळात असते: अमुक गृहस्थाने अमुक साली रस्ता बांधला. मूलनिवासीविषयीचे वाक्य रीतिवर्तमानात असते: हे लोक मासे वाळवतात, कांबळी विणतात. कोणी विणले, कधी, कोणासाठी, कोणत्या कलहानंतर वा तहानंतर, हे प्रश्न त्या काळरूपातच नाहीसे होतात. जोहान्स फाबियन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मानववंशशास्त्रावर नेमका हाच आरोप ठेवला होता: अभ्यासक ज्यांचा अभ्यास करतो, त्यांना तो स्वतःच्या काळात सहभागी होऊ देत नाही. विद्यापीठांत या आरोपाची चर्चा होऊन चार दशके उलटली. संग्रहालयांच्या माहितीफलकांवर आणि प्रवाशांच्या बोलण्यात मात्र ते रीतिवर्तमान अद्याप सुखाने नांदते आहे.

चिल्कॅट खोऱ्यात ही वाटणी किती पोकळ ठरते, हे दाखवण्यास एक नकाशा पुरेसा आहे. १८६७ मध्ये अमेरिकेने रशियाकडून ७२ लाख डॉलरांना अलास्का विकत घेतला. त्यानंतर दोन वर्षांनी, ७ ऑगस्ट १८६९ रोजी झालेले खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी अमेरिकेच्या किनारा-सर्वेक्षण खात्याचे जॉर्ज डेव्हिडसन चिल्कॅट नदीवर आले. चिल्कॅटांचे प्रमुख कोहक्लक्स यांच्याशी तेथे त्यांचा परिचय झाला. कोहक्लक्स आणि त्यांच्या दोन पत्नी यांनी मिळून, एका मोठ्या सागरी नकाशाच्या पाठीमागे, लिन कॅनॉलपासून युकॉन नदीपर्यंतच्या अंतर्भागाचा नकाशा काढून दिला. नद्या, सरोवरे, डोंगर, वाटा आणि मुक्काम त्यात होते; डेव्हिडसन यांनी त्यावर त्लिंगिट स्थलनामे नोंदवली आणि १९०१ मध्ये त्याचे विवरण प्रसिद्ध केले. ज्या प्रदेशाचा गोऱ्या सर्वेक्षकांना पत्ता नव्हता, तो या तिघांना पाठ होता; कारण चिल्कॅटांनी या वाटांवरून होणारा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हाती ठेवला होता. हडसन्स बे कंपनीने युकॉनकाठी थाटलेले फोर्ट सेलकर्क हे ठाणे या व्यापाराला बाधा आणू लागले, तेव्हा १८५२ मध्ये चिल्कॅटांनी तेथवर चाल करून ते लुटले आणि बंद पाडले.

आता हा नकाशा कोणत्या दालनात ठेवावा? तो भूगोल आहे म्हणून निसर्गाच्या? मूलनिवासींनी काढला म्हणून संस्कृतीच्या? की एका राज्यकर्त्या व्यापारी समाजाच्या परराष्ट्रनीतीचा तो दस्तऐवज आहे म्हणून इतिहासाच्या? प्रश्न विचारताच वर्गीकरणाची गाळण उडते. त्याच ऑगस्टमध्ये अलास्काची खरेदी घडवून आणणारे विल्यम स्यूअर्डही त्या गावी येऊन गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी हेन्सला जे लष्करी ठाणे उभारले गेले, त्यास पुढे त्यांचेच नाव मिळाले. हेन्स हे गावाचे नावसुद्धा प्रेस्बिटेरियन महिला मंडळाच्या एका पदाधिकारी बाईंवरून आले. १८८१ मध्ये तेथे मिशन स्थापन झाले होते. त्या जागेला त्लिंगिट भाषेत ‘देशू’ म्हणतात. अर्थ, वाटेचे टोक. जुन्या नावात वाट आहे, म्हणजे वाटसरू आहेत, व्यापार आहे, हेतू आहे. नव्या नावात एका दूरच्या दात्रीविषयीची कृतज्ञता आहे. यांपैकी कोणते नाव इतिहासाचे आणि कोणते संस्कृतीचे, हे ठरवणारा अधिकारी कोण?

स्यूअर्ड यांच्या ७२ लाखांची कथा प्रत्येक शालेय पुस्तकात असते. तिचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. रशियाने जे स्वतःचे नव्हते ते विकले, ही त्लिंगिटांची तक्रार विक्रीइतकीच जुनी आहे. त्लिंगिट आणि हायडा यांनी चालवलेल्या दाव्यात १९५९ मध्ये अमेरिकेच्या दावा-न्यायालयाने त्यांचा मूळ भूमिहक्क मान्य केला आणि १९६८ मध्ये सुमारे ७५ लाख डॉलरांची भरपाई ठरवली. एका उपखंडवजा प्रदेशाची खरेदी ७२ लाखांत झाली, आणि त्यातील एका भागाच्या अपहाराची किंमत शंभर वर्षांनी ७५ लाख ठरली. हे दोन आकडे एकाच फलकावर शेजारी लिहिले, तर दहा दालनांचे काम होईल. परंतु पहिला आकडा ‘इतिहासा’त जातो, आणि दुसऱ्याला कोठेच जागा मिळत नाही, कारण संस्कृतीच्या दालनात न्यायालय शोभत नाही.

निसर्गाच्या दालनाची स्थिती याहून चमत्कारिक आहे. चिल्कॅट नदीचा क्लक्वानजवळचा काही भाग थंडीतही पूर्णपणे गोठत नाही. भूगर्भात साठलेले तुलनेने उबदार पाणी तेथे नदीत झिरपते. म्हणून उशिरा येणाऱ्या सॅमन माशांसाठी शरद ऋतूच्या अखेरीस सहस्रावधी पांढऱ्या डोक्याचे गरुड तेथे जमतात. १९८२ मध्ये सुमारे ४८,००० एकरांचे गरुड-अभयारण्य स्थापन झाले, ते याच कारणाने. हेन्सच्या निसर्गसंग्रहालयात पेंढा भरलेल्या प्राण्यांबरोबर जिवंत शिकारी पक्षीही पाहता येतात आणि प्रवासी त्या देखण्या पक्ष्यासमोर भारावून उभा राहतो. पण याच अलास्कात १९१७ पासून १९५०च्या दशकाच्या आरंभापर्यंत गरुड मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळत होते, आणि अशी बक्षिसे एक लाखाहून अधिक गरुडांवर दिली गेली. गरुड मासे खातो, म्हणजे मासे डबाबंद करणाऱ्या धंद्याचे नुकसान करतो, असा त्यामागचा तर्क होता. १९४० मध्ये अमेरिकेने या राष्ट्रीय पक्ष्याला कायद्याचे संरक्षण दिले, तेव्हाही अलास्का वगळला गेला. गरुडाचा ऱ्हास ही निसर्गातील घटना नव्हती; ती विधिमंडळातील घटना होती. तिचे स्थान हिशेबवहीत आहे, आणि ज्या दालनात माणूसच नाही तेथे हिशेबवही ठेवण्याची कोणास आठवण होणार?

शिवाय तो पक्षी त्लिंगिटांच्या लेखी केवळ पक्षी नाही. त्यांचा समाज दोन अर्धांत विभागलेला आहे. एक डोमकावळ्याचा, दुसरा गरुडाचा. विवाह एका अर्धातून दुसऱ्या अर्धात व्हावा, आणि मर्तिकाच्या प्रसंगी एका अर्धाने दुसऱ्याचे सांत्वन करावे, असा दंडक. मूल आईच्या कुळाचे. म्हणजे गरुड हे नात्याचे, वारशाचे आणि कर्तव्याचे नाव आहे. नदीकाठच्या झाडावर बसलेला गरुड एका इमारतीत, कुळाच्या झग्यावरचा गरुड दुसऱ्या इमारतीत, आणि बक्षिसापोटी मारलेला गरुड कोठेच नाही; असा एका पक्ष्याचा तीन ठिकाणी केलेला विच्छेद म्हणजे ज्ञान नव्हे.

त्लिंगिट भाषेत ‘अत्.ऊव’ अशी एक संज्ञा आहे. कुळाने मोल देऊन, बहुधा एखाद्या पूर्वजाच्या प्राणाचे मोल देऊन, मिळवलेली आणि म्हणून कुळाची झालेली गोष्ट, असा तिचा आशय आहे. शिरस्त्राण ‘अत्.ऊव’ असू शकते. तसेच गीत, नाव, कथा, डोंगर, हिमनदीसुद्धा. वस्तू, स्मृती आणि भूमी यांना एकाच शब्दात धरणाऱ्या या भाषेला आपली तीन दालने अडाणीपणाची वाटली तर नवल नाही. या संज्ञेचा मतितार्थ काव्यात्म नसून कायदेशीर आहे. ती मालकी सांगते, आणि जे कुळाचे आहे ते कुळातील एकट्यादुकट्याला विकता येत नाही, असे बजावते.

क्लक्वानच्या व्हेलगृहाचा खटला याच मुद्द्यावर उभा राहिला. गानाख्तेदी कुळाच्या या घरात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोरलेले चार स्तंभ आणि एक भव्य रंगवलेली भिंत होती. वायव्य किनाऱ्यावरील काष्ठशिल्पाचा हा श्रेष्ठ नमुना मानला जातो. नौदलातील अधिकारी जॉर्ज एमन्स यांनी १९१६ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. याच एमन्स यांनी त्लिंगिट वस्तूंचे मोठे संग्रह १८८८ आणि १८९४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयास विकले होते. त्या संग्रहालयाचे नाव, अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी. जिवंत माणसांच्या घरातील वस्तू डायनोसॉरच्या सांगाड्यांच्या छपराखाली का जाव्यात, हा प्रश्न त्या काळी कोणास पडला नाही. कारण निसर्ग आणि मूलनिवासी ही एकाच कपाटाची दोन खणे मानली जात होती. व्हेलगृहाचे स्तंभ मात्र गावातच राहिले. ते मिळवण्याचे प्रयत्न दशकानुदशके चालले. १९७६ मध्ये गावाने ठराव करून कुळवस्तू बाहेर नेण्यास मनाई केली. तरीही १९८४ मध्ये कुळातीलच काही जणांच्या संमतीने हे स्तंभ आणि ती भिंत एका व्यापाऱ्याकडे, सिअ‍ॅटलच्या गोदामात, रवाना झाली. संघीय न्यायालयांत वाद वर्षानुवर्षे रेंगाळला. अखेर १९९३ मध्ये गावाच्या स्वतःच्या न्यायालयाने निकाल दिला की या वस्तू साऱ्या कुळाच्या आहेत आणि कोणाही व्यक्तीस त्या विकता येणार नाहीत. १९९४ मध्ये त्या परत आल्या. आज त्या क्लक्वानच्या वारसाकेंद्रात आहेत.

शंभराच्या आतबाहेर वस्ती असलेल्या गावाने न्यायालय बसवले, साक्षी घेतल्या, आपल्या परंपरेतील मालकीची व्याख्या नोंदवली आणि जिंकून दाखवले. यास इतिहास म्हणायचे नसेल, तर त्या शब्दाला अर्थ उरत नाही. तरीही प्रवासी जेव्हा त्या स्तंभांपुढे उभा राहतो, तेव्हा तो ‘कला’ पाहतो, ‘संस्कृती’ पाहतो. १९८४, १९९३ आणि १९९४ हे सन त्याच्या लेखी दुय्यम तपशील ठरतात. कोरीव कामाचे वय त्याला मोलाचे वाटते. ते कोरीव काम घरी परतण्यासाठी लागलेली दहा वर्षे वाटत नाहीत.

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला व्यावहारिक आहे. ग्रामीण संग्रहालये थोड्या पैशांवर, बहुतांशी स्वयंसेवकांच्या कष्टांवर चालतात; पक्ष्यांची निगा राखणारा आणि जुनी पत्रे जपणारा एकच माणूस असू शकत नाही; तेव्हा वेगळ्या इमारती अपरिहार्यच. हे खरे आहे, आणि वाद इमारतींशी नाहीच. शेल्डन संग्रहालयात दीपगृहाच्या भिंगाबरोबर त्लिंगिट वस्तूही आहेत, हे नमूद केले पाहिजे. तेथील भिंती प्रवाशाच्या डोक्यातील भिंतींपेक्षा पातळ आहेत. परंतु गरिबीमुळे फार तर मांडणी अपुरी राहील. चुकीचे क्रियापद लिहिण्यास गरिबी भाग पाडत नाही. गरुडाच्या शेजारी बक्षिसाचे दर लिहिण्यास एक कागद पुरतो.

दुसरा आक्षेप अधिक प्रतिष्ठित आहे. मोठ्या शहरांतील संग्रहालयांनी या वस्तू नेल्या नसत्या तर त्या कुजल्या असत्या, हरवल्या असत्या. म्हणून त्यांनी वाचवले, लुटले नाही. हा युक्तिवाद केवळ गोऱ्यांचा नव्हता. क्लक्वानमध्येच जन्मलेले लुई शॉट्रिज हे १९१२ पासून १९३२ पर्यंत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयाशी निगडित होते. आपल्या लोकांचे वैभव जगापुढे यावे, या श्रद्धेने त्यांनी शेकडो वस्तू तेथे नेल्या. व्हेलगृहाच्या बाबतीत मात्र गावाने त्यांना यश येऊ दिले नाही. त्यांच्या श्रद्धेची टवाळी करणे सोपे आणि अन्यायाचे आहे. मिशनच्या शाळांत मुलांची भाषा दडपली जात असताना, काचेच्या कपाटात का होईना, काही उरावे असे एखाद्या त्लिंगिट माणसास वाटणे स्वाभाविक होते. पण ज्या राज्यव्यवस्थेने घर मोडले, तिनेच घरातील वस्तू वाचवल्याचे श्रेय मागावे, हे विचित्र आहे. अमेरिकेच्या १९९०च्या कायद्याने पवित्र आणि सामूहिक मालकीच्या वस्तूंच्या परतीचा मार्ग खुला केला; न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयाने २०२२ मध्ये आपले वायव्य किनाऱ्याचे दालन तेथील समाजांतील अभ्यासकांच्या साहाय्याने नव्याने उघडले, आणि नव्या नियमांमुळे २०२४ मध्ये अन्य दोन दालने बंद केली. वाचवण्याचा युक्तिवाद खुद्द वाचवणाऱ्यांनाच पुरेसा वाटेनासा झाला आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. दालने मोडून मूलनिवासींना इतिहासात आणणे म्हणजे त्यांचे नवे उदात्तीकरण नव्हे काय? तसे झाले तर ते निश्चितच निंद्य ठरेल. हेन्सच्या हातोडा-संग्रहालयाची इमारत उभारताना जमिनीत एक त्लिंगिट दगडी हत्यार सापडले. अशा हत्यारांना गुलाम मारण्याचे हत्यार म्हटले जाते. त्लिंगिट समाजात गुलामी होती. त्यांच्यात श्रीमंत आणि दरिद्री कुळे होती, युद्धे होती, व्यापारातील मक्तेदारी होती. संस्कृतीच्या दालनात यांपैकी काहीच मावत नाही, कारण ते दालन मुळी निष्पाप माणसांसाठी असते. एखाद्या समाजास इतिहास देणे म्हणजे त्याला गौरव देणे नव्हे. त्याला कर्तेपण आणि जबाबदारी देणे होय. कालातीत माणसाला दोष चिकटत नाही, आणि हक्कही चिकटत नाही. मूलनिवासींना निष्पाप ठरवणाऱ्या सहानुभूतीची आणि त्यांना भूमिहीन ठरवणाऱ्या कायद्याची सोयरीक येथे जमते.

पर्याय कसा असतो, हे त्याच खोऱ्यात दिसते. चिल्कॅट कांबळे रानबकऱ्याच्या लोकरीचे आणि देवदारवर्गीय झाडाच्या सालीचे. पुरुषांनी फळीवर रेखलेल्या आकृतीवरून स्त्रिया ते विणीत. हे विणकाम दक्षिणेकडील त्सिमशियन लोकांकडून आपल्याकडे आले, असे त्लिंगिट परंपराच सांगते; म्हणजे कांबळ्यालाही प्रवास आहे, उसनवारी आहे, काळ आहे. क्लक्वानच्या जेनी थ्लुनॉट या विणकर बाईंनी हे ज्ञान विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आणले आणि १९८५ मध्ये हेन्स येथे तरुण विणकरांना शिकवले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्या वर्गातून पुढची परंपरा सुरू झाली. बकरा निसर्गाचा, नक्षी संस्कृतीची आणि १९८५ हे साल इतिहासाचे, अशी वाटणी त्या वर्गातील एकाही विद्यार्थिनीला करता आली नसती. क्लक्वानच्या केंद्रातही कोरीव स्तंभ, मासे धुरावण्याची रीत आणि होडी कोरण्याचे काम एकाच आवारात नांदते. तेथील यजमान वर्तमानकाळात बोलतात, तेव्हा तो रीतिवर्तमान नसतो. तो आजचा दिवस असतो.

हा वाद केवळ मांडणीच्या रुचीचा असता, तर त्यावर इतके शब्द खर्च करण्याचे कारण नव्हते. चिल्कॅट खोऱ्याच्या वरच्या अंगाला तांबे आणि जस्त यांच्या खाणीसाठी शोधकार्य अनेक वर्षे चालू राहिले. नदीत विष उतरले तर सॅमन जाईल, सॅमन गेला तर गरुड जाईल आणि गावाचे अन्नही जाईल, या भीतीने क्लक्वानच्या ग्रामशासनाने पर्यावरणवादी संघटनांसह २०१७ मध्ये संघीय भूव्यवस्थापन खात्याविरुद्ध दावा लावला. न्यायालयांनी तो मान्य केला नाही. असा प्रश्न निर्णयास येतो तेव्हा तिन्ही दालने कामास लागतात. मासा हा निसर्गाचा प्रश्न, म्हणून तो जीवशास्त्रज्ञांकडे जातो. गावाचा विरोध हा संस्कृतीचा प्रश्न, म्हणून त्याची आदरपूर्वक नोंद घेतली जाते. खाण मात्र प्रगतीचा, म्हणजे इतिहासाचा प्रश्न. आणि निर्णय इतिहासाच्या बाजूने होतात. जी वाटणी प्रवाशाने एका दुपारी निरुपद्रवी म्हणून स्वीकारली, तीच सरकारी अहवालाची अनुक्रमणिका बनते. माणसांना मत देण्याचे शिक्षण शाळेइतकेच संग्रहालयातही मिळते.

भारतीय वाचकाने हे सारे दूरदेशीचे म्हणून बाजूस ठेवण्याचे कारण नाही. १८१४ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेल्या भारतीय संग्रहालयातही पुरातत्त्व, कला, मानववंश, भूगर्भ, प्राणी आणि वनस्पती असे विभाग आहेत. एकोणिसाव्या शतकाची ती आराखड्याची रीत एकच होती. राजांची नाणी एका विभागात आणि आदिवासींचे बाण दुसऱ्यात, हे इतके अंगवळणी पडले आहे की ज्या जमातींनी इंग्रजांविरुद्ध बंडे केली, त्यांचीही ओळख प्रथम दागिन्यांवरून आणि नृत्यावरून करून दिली जाते. मराठीत प्रवासवर्णनांची मोठी परंपरा आहे, आणि परदेशातील संग्रहालय पाहून आल्यावर ‘किती नीट जपले आहे’ असा उद्गार काढण्याचीही. जपणुकीचे कौतुक गैर नव्हे. पण काय जपले, कोणापासून जपले आणि ते कोणाच्या नावे लिहिले, हे विचारल्याविना केलेले कौतुक हे वाङ्मय नव्हे, ती पोचपावती होय.

ग्रामीण प्रदेशातील लहान संग्रहालये पाहूच नयेत, असा याचा अर्थ नाही. ती अवश्य पाहावीत. महानगरांतील संगमरवरी प्रासादांपेक्षा ती सत्याच्या अधिक जवळ असतात, कारण तेथे वस्तू आणि वस्तूचे गाव यांत फार अंतर नसते. मात्र ती पाहण्याचा क्रम उलटा करावा. गरुडापाशी उभे राहून विधिमंडळाविषयी विचारावे. लष्करी ठाण्यापाशी, ही जागा पूर्वी कोणत्या नावाने ओळखली जाई हे विचारावे. कोरीव स्तंभापाशी तो कोणत्या वाटेने परत आला, हे विचारावे. उत्तर देणारा माणूस बहुधा त्याच इमारतीत असतो, आणि असा प्रश्न आला तर त्यास आनंदच होतो. अशा प्रश्नांची सवय लागलेला प्रवासी एका दालनातून दुसऱ्यात जाताना मधल्या भिंतीकडेही पाहू लागेल. ती भिंत नदीने घातलेली नाही. चिल्कॅट नदी व्हेलगृहाच्या गावावरून, गरुडांच्या झाडांखालून आणि जुन्या व्यापारी वाटेच्या कडेने एकाच प्रवाहात समुद्राला मिळते.